आगबोट म्हणजे ‘पॅडल स्टीमर’च का?

प्रश्न दुहेरी आहे. जुन्या मजकुरात ‘आगबोट’ दिसली की पॅडल स्टीमर, म्हणजे बाजूच्या मोठ्या चाकांनी पाणी मागे लोटत चालणारी वाफेची बोट, समजायची का? आणि पॅडल स्टीमरला मराठीत म्हणायचं काय?

पहिल्याचं उत्तर ‘नाही’. आगबोट हा शब्द आगगाडीसारखा आहे. बोट कशाच्या जोरावर चालते एवढंच तो सांगतो. वाफेचा जोर चाकाने पाण्यात उतरतो की मागच्या पंख्याने (प्रोपेलरने), हे त्यातून कळत नाही. १८३०ची आगबोट चाकाचीच धरावी, कारण पंखा तेव्हा प्रचारात नव्हता. पण १८८८ साली कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला येताना बेपत्ता झालेली ‘वैतरणा’ पंख्याची होती. (लोक तिला ‘वीजळी’ म्हणत, ते आतल्या विजेच्या दिव्यांमुळे.) तेव्हा नंतरच्या काळातला उल्लेख असेल तर बोटीचं नाव शोधूनच ठरवावं.

दुसऱ्यासाठी ‘चाकाची आगबोट’ चांगलं. ‘वल्ह्यांची बोट’ नको. ती वाचून डोळ्यांपुढे वल्ही मारणारे खलाशी येतात. चाकाच्या कडेवरच्या फळ्यांना ‘पाती’ म्हणावं. पाती पक्की ठोकलेली असली तर शिरताना पाण्यावर सपाट आपटतात आणि निघताना पाणी वर उचलतात; जोर फुकट जातो, बोट हादरते. म्हणून पुढे पाती बिजागरीवर बसवली. प्रत्येक पात्याची दांडी चाकाच्या मध्यापासून जरा सरकवलेल्या दुसऱ्या केंद्राला जोडलेली असते, त्यामुळे पाण्यात असेपर्यंत पातं जवळजवळ उभं राहतं. अशा चाकाला मी ‘फिरत्या पात्यांचं चाक’ म्हणेन.

चाकाचं खरं दुखणं म्हणजे ते पाण्यात किती बुडतं. बोट कलंडली की एक चाक खोल जातं, दुसरं हवेत फिरतं. उतारू उतरायला एका बाजूला गोळा झाले तरी तेच. कोळशाचं वजनही त्यात येतं. मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही चाकाची आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझला निघाली. कोळशाची सोय साडेपाच दिवसांची आणि वाटेतलं एडन बंदर अकरा दिवसांवर, म्हणून मिळेल त्या जागी कोळसा कोंबला. निघताना तिचा मागचा भाग जवळजवळ पाण्याला टेकला होता. एडनला पोचली तेव्हा काही तासांचाच कोळसा उरला होता. उथळ बंदरांच्या किनारी फेऱ्यांना मात्र चाक सोयीचं: बोटीला पाणी कमी लागतं आणि ती चटकन थांबते.

एक चाक पुढे, एक मागे फिरवून बोट जागच्या जागी वळते, असं सर्रास लिहिलं जातं. दोन चाकं वेगवेगळी चालवता आली तरच ते शक्य. स्कॉटलंडच्या ‘वेव्हर्ली’त ती एकाच आसावर आहेत, त्यामुळे वळणं सुकाणूवरच. समुद्रावर उतारू नेणाऱ्या चाकाच्या आगबोटींपैकी ही शेवटची, १९४७पासूनची. १९५७पासून तिच्यात कोळशाऐवजी तेल जळतं, तरी बाष्पक (बॉयलर) आणि वाफ आहेच, म्हणून ती आगबोटच. वाफेचं इंजिन काढून डिझेल बसवलेल्या बोटीला मात्र चाकं असली तरी आगबोट म्हणू नये.

जाता जाता लिंगाचं: हाताचं ते बोट, पाण्यातली ती बोट, म्हणून ती आगबोट, त्या आगबोटी. आणि ‘बोट धक्क्याला लागली’ म्हणजे पोचली, पण ‘मला बोट लागली’ म्हणजे मळमळ.