तुमचे प्रश्न: पावसाळ्यात कॅम्पसच्या कचऱ्याचं काय करायचं?

प्रश्न: ताई, आमचं कॉलेज रत्नागिरीजवळ आहे, दोन होस्टेलं, मेस, कँटीन. हिरवे-निळे डबे आणले, पोरं बऱ्यापैकी वेगळं टाकतातही. पण शेवटी सगळं मेसमागच्या पत्र्याच्या शेडमध्येच जातं, गाडी येते दिवसाआड, आणि जून लागला की वास, कुत्री आणि काळं पाणी. आता वरून आदेश आलाय की अजून मोठे डबे घ्या. घ्यावेत का?
- होस्टेल कमिटीतले एक सर

उत्तर: सर, नका घेऊ. मोठा डबा म्हणजे तोच कचरा अजून एक दिवस जास्त कुजणार, एवढंच. तुमची अडचण ओला कचरा शेडमध्ये थांबतो ही आहे, तो थांबूच द्यायचा नाही. २०१६च्या घनकचरा नियमांतही दिवसाला सरासरी १०० किलोच्या वर कचरा करणारी संस्था मोठी कचरा-उत्पादक धरली होती आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवा असं म्हटलं होतं, तेव्हा गाडीची वाट बघण्यात अर्थ नाही.

आता खरी मेख. जिरवायचं म्हणजे आवारातच खत करायचं, आणि त्या खताला ओल्याच्या दुप्पट-तिप्पट सुकं लागतं, बादलीच्या मापाने, आणि आपल्याकडे जुलैत सुकं आणणार कुठून? वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो हो. म्हणून एप्रिल-मे मध्येच पातेरा (वाळका पालापाचोळा) गोळा करून गोण्या भरून छपराखाली ठेवायचा. तुमचा माळी तो जाळत असेल (बहुतेक कॅम्पसवर जाळतातच, सकाळी सकाळी धूर), ते आधी थांबवा. भाताचा तूस, नाहीतर बारीक केलेलं नारळाचं सोडण (वरची काथ्याची साल) सुद्धा चालतं. मूठभर खत दाबलं की एखाददुसरा थेंब यावा, धार लागली तर अजून पातेरा घाला. मासळीची खवलं-डोकी वर कधीच टाकू नका, ढिगाच्या मधोमध गाडा आणि वरून जाड थर द्या, मग कुत्री बघतच नाहीत.

शेडला खाली कोबा आणि कडेने बांध हवाच. आपल्याकडचा जांभा दगड सच्छिद्र, काळं पाणी त्यातून मुरत मुरत विहिरीत उतरतं आणि ते डोळ्यांना दिसत पण नाही.

आणि एक बघा, पोरांनी वेगळं केलेलं ढकलगाडीत एकत्र होतंय का? बहुतेक होतच असणार. त्यात सफाईवाल्या मावशींचा दोष नाही, त्यांना एकच गाडी दिलीय! मेसचं ओलं जेवण आटोपलं की लगेच वेगळ्या गाडीतून खताकडे, सुकं दिवसातून एकदा, असं ठेकेदाराच्या करारातच लिहून घ्या. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वेगळे, आणि मावशींना हातमोजे द्या, दरवर्षी नवे. जमलं तर वेंगुर्ल्याला एक चक्कर मारा, तिथल्या नगरपरिषदेने कचरा वेगळा करून काय काय केलंय ते कमिटीला दाखवा.

प्रश्न: लॅबमधल्या जुन्या केमिकलच्या बाटल्या भंगारात दिल्या तर चालतील का?

उत्तर: अजिबात नाही. लेबल तसंच ठेवा, एकातलं दुसऱ्यात ओतू नका, बेसिनमध्ये तर नाहीच नाही. यादी करून प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या एजन्सीलाच द्या. बंद पडलेले कॉम्प्युटरही नोंदणी असलेल्या रिसायकलरकडे, आणि पावती मागून घ्या.