ब्रेस्टस्ट्रोकची किक चुकली हे पंच कसं ठरवतात? मुलाला बाद केलंय, मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवून निर्णय बदलेल का?

व्हिडिओचा नाद सोडा. बहुतेक स्पर्धांत रेफरी तो हातातही घेत नाहीत, आणि गॅलरीतून काढलेल्या व्हिडिओत फेसच दिसतो. बाकीचं सांगतो, कारण यावरून माझा एक जुना मित्र तुटलाय.

मी स्ट्रोक जज म्हणून उभा राहतो. तलावाच्या दोन्ही कडांना आम्ही पोहणाऱ्यांसोबत चालत असतो. टर्नचे पंच वेगळे. टर्नआधीच्या शेवटच्या हातापासून ब्रेस्टस्ट्रोकमध्ये टर्ननंतरचा दुसरा हात पुरा होईपर्यंत त्यांची नजर. एका २०० मीटरच्या हीटमध्ये दुसऱ्या लेनला या मित्राची विद्यार्थिनी होती. तो प्रशिक्षक, आम्ही एकाच तलावात पोहायला शिकलो. पहिले शंभर मीटर स्वच्छ. मग ती दमली आणि उजवं पाऊल वळेना. डावं व्यवस्थित बाहेर, उजवं मात्र बोटं मागे ताणलेलं, वरच्या बाजूने पाणी ढकलतंय. सरळ सिझर, म्हणजे कात्रीसारखी चुकीची किक. एकदा वाटलं, पाणी हललं असेल. पुढच्या किकला पुन्हा तेच. चिठ्ठी लिहिली: शर्यत, लेन, चूक, सही.

रेफरींनी विचारलं, "कुठे होतास? काय दिसलं?" "किक बरोबर वाटली नाही" म्हणालो असतो तर चिठ्ठी तिथेच बाद झाली असती. मी म्हणालो, "जोर लावताना उजवं पाऊल बाहेर वळलेलं नव्हतं." ठरवतात ते असं. मुलगा किती वर्षं पोहतोय, कुणाचा विद्यार्थी आहे, हे कुणी विचारत नाही.

मित्र तणतणत आला. "तिचा घोटाच तसा आहे!" असेल. नियमात घोट्याला सूट नाही (पॅरा जलतरणात असते, ती वेगळी गोष्ट). मग त्याचं आवडतं अस्त्र: २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कॅमेरॉन व्हॅन डर बर्गने १०० मीटरचं सुवर्ण जिंकलं, जादा डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून वरखाली मारलेली) मारल्याचं नंतर स्वतःच कबूल केलं, तरी पदक राहिलं. "तिथे चालतं, माझ्या पोरीला नाही?" अरे, ते पुलआउटमधलं, म्हणजे उडी किंवा टर्ननंतरच्या पाण्याखालच्या ओढीतलं. काठावरून बुडबुडे दिसतात. पहिल्या ब्रेस्टस्ट्रोक किकआधी एक डॉल्फिन आता चालतेच. ती सूट २००५ ची, आदल्या वर्षी अथेन्स ऑलिंपिकला जपानच्या किताजिमाच्या अशाच किकवरून वाद झाला त्यानंतरची. हिची सिझर भर तलावात, माझ्यापासून चार-पाच पावलांवर होती.

हेही कबूल करतो की त्याच वेळी सहाव्या लेनमध्ये काय चाललं होतं ते मी पाहिलेलं नाही. शंका असेल तर लिहायचं नाही, म्हणून काही जण सुटतातच. तुमच्या मुलाच्या बाबतीत पंच चुकलाही असेल. तक्रार करायचीच तर लेखी, संघाच्या व्यवस्थापकामार्फत, शर्यतीनंतर ३० मिनिटांत. ती वेळ आता गेलीच असणार.

त्यापेक्षा प्रशिक्षकाला विचारा, मुलगा दमलेला असताना त्याची किक मागे उभं राहून शेवटची कधी पाहिली. माझा मित्र कायम स्टॉपवॉचकडे बघत असायचा. हे मी त्याला त्याच दिवशी सगळ्यांसमोर बोललो. तेव्हापासून तो माझ्याशी वॉर्मअपच्या लेनपुरतंच बोलतो.