शांतता आणि संघर्ष अध्ययनात एमए करायचं आहे. सोलापूरहून कुठे जाता येईल, आणि पुढे काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बीए राज्यशास्त्र यंदा पूर्ण होतंय, घर सोलापुरात, वडील यंत्रमागावर काम करतात, आणि 'पीस अँड कॉन्फ्लिक्ट स्टडीज'मध्ये एमए करायची इच्छा आहे. तर कुठे करावं, परदेशाचं जमेल का, आणि पोटापाण्याचं काय? मी सोलापुरातच राज्यशास्त्र शिकवते. हा प्रश्न घेऊन येणारी मुलं-मुली मला अधूनमधून भेटतात आणि त्यांच्याशी बोलायला मला मनापासून आवडतं, म्हणून जरा लांब लिहिते.

पोटापाण्याचं आधी सांगते, कारण घरचे पहिलं तेच विचारणार. यूजीसी नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेत 'बौद्ध, जैन, गांधीवादी आणि शांतता अध्ययन' असा स्वतंत्र विषय आहे, पण आपल्याकडच्या कॉलेजांत जागा निघतात त्या राज्यशास्त्राच्या, समाजशास्त्राच्या, इतिहासाच्या. त्यामुळे पुढे सोलापूर-पंढरपूर-बार्शी भागात प्राध्यापक व्हायचं मनात असेल, तर एमए राज्यशास्त्रातच करा. ते आपल्या अहिल्यादेवी होळकर विद्यापीठातही होईल. संघर्ष हा विषय लघुप्रबंधात घ्या, पुढे पीएचडीला घ्या. सामाजिक संस्था, संशोधन, पत्रकारिता, मानवाधिकाराचं काम, मध्यस्थी अशा वाटेनं जायचं असेल, तर मात्र या विषयातली पदवी खरोखर उपयोगी पडते.

देशातले पर्याय. दिल्लीत जामिया मिल्लिया इस्लामियामध्ये नेल्सन मंडेला यांच्या नावाचं शांतता व संघर्ष निराकरण केंद्र 2004 पासून आहे. तिथला संघर्ष विश्लेषण आणि शांतता उभारणीचा एमए हा माझ्या मते आपल्याकडच्या मुलांसाठी सगळ्यात नेमका अभ्यासक्रम. बनारस हिंदू विद्यापीठात मालवीय शांतता संशोधन केंद्र आहे, सिक्कीम विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. 'टिस'चा, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा, शांतता व संघर्ष अध्ययनाचा एमए गुवाहाटीला, तुळजापूरला नाही. तुळजापूरचा परिसर आपल्याला अगदी जवळचा, पण तिथला भर ग्रामविकास आणि समाजकार्यावर आहे. ईशान्य भारतात जाऊन शिकण्याची तयारी असेल तर सिक्कीम-गुवाहाटीचा विचार जरूर करा. संघर्ष म्हणजे हिंदू-मुस्लिम दंगल एवढाच अर्थ आपल्या डोक्यात बसलेला असतो, तो तिथे गेल्यावर बदलतो. प्रवेशाच्या अटी आणि कुठे सीयूईटी-पीजी ही सामाईक प्रवेश परीक्षा लागते, हे त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहा, कारण ते बदलत राहतं.

दिल्लीचा खर्च झेपणार नसेल तर वर्धा. तिथल्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात गांधी आणि शांतता अध्ययनाचा एमए आहे, माध्यम हिंदी, सेवाग्राम जवळच. आणि घर सोडणंच शक्य नसेल तर इग्नू या दूरशिक्षणाच्या मुक्त विद्यापीठाचा 'गांधी आणि शांतता अध्ययन' हा दोन वर्षांचा एमए. इग्नूचं अभ्याससाहित्य ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतं. अर्ज भरायच्या आधी त्यातले दोन-तीन घटक वाचून काढा. वाचताना कंटाळा आला तर हा विषय तुमचा नाही, हे प्रवेश शुल्क न भरताच कळेल.

आता जे मला खरं सांगायचंय ते. विद्यापीठ ठरवण्याआधी प्रश्न ठरवा. 'मला जगात शांतता हवी आहे' एवढं लिहून कुणी प्रवेश देत नाही आणि देऊही नये. तुम्हाला नेमका कोणता संघर्ष समजून घ्यायचा आहे? सोलापूर जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला त्यासाठी लांब जावं लागत नाही. 2021 मध्ये उजनीचं पाच टीएमसी पाणी इंदापूरला देण्यावरून जिल्हा पेटला होता आणि सरकारला आदेश मागे घ्यावा लागला. 2022 च्या शेवटी अक्कलकोट तालुक्यातल्या काही गावांनी रस्ते-पाणी मिळत नाही म्हणून कर्नाटकात जाण्याची भाषा केली. शहरातली 2002 ची दंगल तुमच्या घरच्यांना आठवत असेल. आणि सेटलमेंट भागातल्या लोकांच्या आजोबा-पणजोबांना इंग्रजांच्या कायद्यानं 'गुन्हेगार जमाती' म्हणून तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला तरी पोलिसांची नजर बदलली का, हाही संघर्षाचाच प्रश्न आहे.

पण मला विचाराल तर एक विषय आपल्या हातात आयता आहे आणि त्याकडे फार कमी विद्यार्थी वळतात: तंटामुक्ती समिती. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झाली, आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. ग्रामसभेनं समिती नेमायची, बांधाचे, वाटणीचे, भावकीचे, तडजोड होऊ शकणाऱ्या मारामाऱ्यांचे तंटे गावातच मिटवायचे, आणि गाव तंटामुक्त ठरलं की लोकसंख्येनुसार बक्षीस. गावपातळीवर शांतता घडवायचा इतका मोठा सरकारी प्रयोग आपल्या दारात झालाय. आता त्याला प्रश्न विचारा. समितीत कोण बसतं? बांधाच्या भांडणात लहान शेतकरी समाधानानं सही करतो, की पुढच्या हंगामात त्याच माणसाकडून ट्रॅक्टर मागायचाय म्हणून करतो? नवरा मारतो म्हणून आलेल्या बाईला 'गावाचं बक्षीस जाईल' म्हणून परत पाठवलं जातं का? तंटा मिटला अशी नोंद झाली आणि दोन वर्षांनी तोच तंटा कोर्टात गेला, असं किती वेळा होतं?

इथेच या विषयाचा पाया आहे. योहान गाल्टुंग या नॉर्वेच्या अभ्यासकानं 1959 मध्ये ऑस्लोत शांतता संशोधन संस्था उभी केली आणि 1969 मध्ये मांडलं की मारामारी थांबणं ही फक्त नकारात्मक शांतता. माणसाला दाबून ठेवणारी रचना मोडते तेव्हा सकारात्मक शांतता येते. रचनेतच मुरलेल्या हिंसेला त्यानं संरचनात्मक हिंसा म्हटलं. पहिल्या सत्रात हे सगळे पाठ करतात. ज्या विद्यार्थ्यानं एका गावातल्या समितीच्या चार बैठका बसून ऐकल्या आहेत, त्याला ते पाठ करावं लागत नाही. शिवाय तुम्हाला मराठी येते, हिंदी येते, यंत्रमागावरच्या वस्तीत वाढलात म्हणजे तेलुगूही कानावर असणार. क्षेत्रकामासाठी दिल्लीच्या विद्यार्थ्याला दुभाषा लागतो, तुम्हाला लागणार नाही. अर्जात हे ठळक लिहा.

परदेशाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आत्ता नको, तीन-चार वर्षांनी. कारण चांगल्या शिष्यवृत्त्या कामाचा अनुभव मागतात. रोटरी पीस फेलोशिपमध्ये शिक्षण शुल्क, राहणं-खाणं, जाण्यायेण्याचा प्रवास असं सगळं मिळतं, पण मास्टर्ससाठी संबंधित कामाचा किमान तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो आणि शिक्षण स्वतःच्या देशाबाहेर घ्यावं लागतं. रोटरीचे सदस्य आणि त्यांच्या मुला-नातवंडांना ती मिळत नाही, त्यामुळे 'ओळख नाही' म्हणून मागे राहू नका. ब्रिटन सरकारच्या चिवनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा अनुभव लागतो. रोटरीची केंद्रं इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला, स्वीडनमध्ये उप्सालाला, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला, जपानमध्ये टोकियोला आहेत. ही सगळी एकसारखी नाहीत. उप्सालाचा विभाग आकडेवारीवर चालतो. जगभरातले संघर्ष मोजणारा त्यांचा डेटा प्रसिद्ध आहे आणि वर्षाला लढाईत किमान 25 मृत्यू झाले तरच तो सशस्त्र संघर्ष म्हणून धरतात. तंटामुक्तीसारखा विषय असेल तर मी ब्रॅडफर्ड निवडेन, संख्याशास्त्राची आवड असेल तर उप्साला. जर्मनीत माग्डेबुर्गला इंग्रजीतून याच विषयाचा मास्टर्स आहे, तोही लक्षात ठेवा.

सरकारी शिष्यवृत्त्यांचं मात्र नीट वाचून घ्या. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. विमुक्त-भटके, इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्गासाठी वेगळी योजना आहे. पद्मशाली समाज विशेष मागास प्रवर्गात येतो, तुम्ही त्यातले असाल तर जात वैधता प्रमाणपत्र आत्ताच हातात घ्या. या योजनांना जागतिक क्रमवारीची अट असते आणि ब्रॅडफर्ड या विषयात नावाजलेलं असूनही त्या क्रमवारीत बरंच खाली आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत तर 2022 पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरच्या सामाजिक अभ्यासाचे विषय वगळले आहेत. मला हा नियम अन्यायाचा वाटतो. ज्यांनी इथली विषमता अंगावर झेलली त्यांनाच तिच्यावर बाहेर जाऊन संशोधन करता येऊ नये, हे पटत नाही. पण नियम आहे, तेव्हा अर्जातला विषय ठरवताना तो डोळ्यांसमोर ठेवा.

मधल्या वर्षांत काम कुठे करायचं? 2023 च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीची तरतूद आहे. एखाद्या भागातल्या रहिवाशांमधली शांतता बिघडवणारा वाद तीन मध्यस्थांच्या पॅनेलकडे नेता यावा, अशी ती तरतूद. या क्षेत्रात प्रशिक्षित माणसं लागणार आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन विधी स्वयंसेवक होता येतं का, ते विचारा. मानधन फारसं नाही, पण भांडण मिटताना समोर बसून बघायला मिळतं.

परीक्षा संपल्यावर जवळच्या एखाद्या गावच्या ग्रामसेवकाला किंवा पोलीस पाटलाला भेटून तंटामुक्ती समितीची नोंदवही बघायला मागा. काय दिसलं ते इथेच खाली लिहा, त्यावरून अर्जासोबतचं उद्देशपत्र कसं बांधायचं ते मी सांगेन. तालुका कोणता, तेही कळवा.