मधमाशी, वटवाघूळ आणि मूत्रपिंड देणारा माणूस: खरं निःस्वार्थी कोण?

तुमचा प्रश्न असा: "मधमाशी पोळ्यासाठी डंख मारून मरते, व्हॅम्पायर वटवाघूळ उपाशी सोबत्याला आपल्या पोटातलं रक्त देतं, माणूस अनोळखी माणसाला मूत्रपिंड देतो. यातलं काही खरंच निःस्वार्थ असतं का, की खोलात गेलं की सगळा स्वार्थच?"

माझं मत आधी सांगतो. माणसात निःस्वार्थ प्रेरणा असते आणि तिला प्रयोगांचा बऱ्यापैकी भक्कम आधार आहे. मधमाशीला हा प्रश्न लागूच पडत नाही. वटवाघूळ, उंदीर यांना तो लागू पडतो, पण तिथे निकाल अजून लागलेला नाही. "शेवटी जनुकांचाच फायदा, म्हणजे सगळा स्वार्थच" हे मात्र मी अजिबात मान्य करत नाही. त्यात फायदा मोजला जातो जनुकांचा आणि स्वार्थीपणाचा शिक्का मारला जातो मनावर.

जीवशास्त्रातली परोपकाराची व्याख्या अगदी रोखठोक आहे. ज्या वागण्यानं करणाऱ्याची आयुष्यभरातली संतती घटते आणि दुसऱ्याची वाढते, ते परोपकारी. हेतू, भावना, जाणीव यांचा तिथे उल्लेखही नाही. त्यामुळे मेंदू नसलेला जीवही परोपकारी ठरतो. डिक्टिओस्टेलियम नावाचे मातीतले अमीबा अन्न संपलं की हजारोंनी एकत्र येतात. त्यातल्या सुमारे २० टक्के पेशी मरतात आणि त्यांचा ताठ देठ होतो. उरलेल्या पेशी त्या देठाच्या टोकाला बीजाणू होऊन तगतात. देठातल्या पेशींनी सर्वस्व दिलं हे खरं, पण त्यांचा हेतू काय होता हे विचारण्यात अर्थ नाही.

असा त्याग नैसर्गिक निवडीत टिकतो कसा, याचं गणित जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये मांडलं. नात्याची जवळीक गुणिले घेणाऱ्याचा फायदा हा आकडा देणाऱ्याच्या तोट्यापेक्षा मोठा असेल, तर त्यागाला कारण असलेलं जनुक पसरतं. सख्ख्या भावंडांत ही जवळीक १/२, चुलत भावंडांत १/८. स्वतःचं एक पिल्लू गमावून सख्ख्या भावाची तीन वाढत असतील तर हिशेब जमतो, कारण १/२ × ३ = १.५. चुलत भावाची तीन वाढून काही उपयोग नाही, तिथे आठपेक्षा जास्त लागतील.

हे सूत्र वापरताना दोन चुका हमखास होतात. पहिली: "सगळ्या माणसांचा डीएनए ९९ टक्क्यांहून अधिक सारखा, मग सगळेच सख्खे." पण जवळीक म्हणजे ही टक्केवारी नव्हे. आसपासच्या सरासरी जीवापेक्षा समोरचा जीव आपल्यासारखा किती अधिक आहे, ते या आकड्यात मोजतात. त्यामुळे सरासरी अनोळखी माणसासाठी तो शून्यच येतो. दुसरी चूक म्हणजे फक्त नातं बघायचं आणि फायदा-तोट्याचे आकडे सोडून द्यायचे. जीवशास्त्रज्ञ राघवेंद्र गदगकर यांनी रोपॅलिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीवर केलेलं काम इथे फार उपयोगी पडतं. या जातीत एकटी मादीही घर बांधून स्वतःची पिल्लं वाढवू शकते. पण अंड्यापासून प्रौढ माशी व्हायला साधारण दोन महिने लागतात. एकटी मादी त्याआधी मेली तर सगळी पिल्लं जातात. तीच दुसरीच्या घरात राबत असेल तर तिचं अर्धवट राहिलेलं काम बाकीच्या पुढे नेतात, ते वाया जात नाही. म्हणजे नातं फार जवळचं नसलं तरी नुसत्या या खात्रीमुळे मदतीचं पारडं जड होऊ शकतं.

आता मधमाशी. मधमाश्यांत नर निषेचन न झालेल्या अंड्यातून जन्मतात, त्यामुळे एकाच बापाच्या बहिणींत जवळीक ३/४ येते. ही गोष्ट अनेक लेखांत सांगतात आणि तिथेच थांबतात. पण राणी डझनभर किंवा त्याहून अधिक नरांशी समागम करते. वेगळ्या बापाच्या बहिणींत जवळीक १/४ असते. बारा नरांचा वाटा सारखा धरला तर सरासरी सुमारे ०.२९ पडते, स्वतःच्या अपत्याशी असलेल्या १/२ पेक्षा बरीच कमी. मग कामकरी माशी मरायला का तयार होते? तिचा समागम होत नाही, त्यामुळे तिला झालेच तर फक्त मुलगे होऊ शकतात. तिनं अंडी घातलीच तर इतर कामकरी माश्या ती हुडकून खातात. १९८९ मध्ये फ्रान्सिस रॅटनिक्स आणि कर्क व्हिशर यांनी हे दाखवलं. कारण पुन्हा आकड्यांतच आहे: दुसऱ्या कामकरी माशीच्या मुलाशी सरासरी जवळीक सुमारे ०.१५, राणीच्या मुलाशी, म्हणजे भावाशी, ०.२५. तेव्हा डंख मारून मरणाऱ्या माशीला स्वतःची संतती होण्याची वाट जवळजवळ बंदच असते. आपल्याला तिचं मरण प्रचंड वाटतं, संततीच्या हिशेबात त्याची किंमत थोडी असते.

कधी कधी हिशेब तपासला की त्याग निघतच नाही. कळप खात असताना एक मीरकॅट (मुंगसाच्या कुळातला आफ्रिकेतला लहान प्राणी) उंचावर उभं राहून पहारा देतं. याला पूर्वी बिनदिक्कत बलिदान म्हणत. टिम क्लटन-ब्रॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं की पहाऱ्याला उभं राहतं ते पोट भरलेलं जनावर; वाढीव अन्न दिलं तर पहारा वाढतो. आणि शिकारी त्यालाच आधी दिसत असल्यानं ते स्वतःही वेळेवर बिळात शिरतं. बघणाऱ्याला धोका वाटतो म्हणून तोटा होतोच असं नाही. प्राण्यांच्या त्यागाची गोष्ट कुणी सांगितली की तोटा खरंच मोजला होता का, हे मी सगळ्यात आधी विचारतो.

वटवाघळाचं प्रकरण वेगळं आहे. व्हॅम्पायर वटवाघळाला सलग दोन-तीन रात्री रक्त मिळालं नाही तर ते मरतं. भरल्या पोटी दिलेल्या चार घासांनी देणाऱ्याचं थोडंच कमी होतं, पण उपाशी सोबत्याचा जीव वाचतो. जेराल्ड विल्किन्सन यांनी १९८४ मध्ये या देवाणघेवाणीचं वर्णन केलं. पुढे जेराल्ड कार्टर यांच्यासोबत २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की कोण कुणाला देईल हे नात्यापेक्षा आधी कुणी कुणाला दिलं होतं यावरून जास्त चांगलं ओळखता येतं. एकमेकांना अनोळखी वटवाघळं एकत्र ठेवली तर ती आधी अंग चाटून साफ करण्यासारखी स्वस्त मदत करतात आणि नातं मुरलं की मग रक्त देतात. परतफेड होते, म्हणून ही सवय उत्क्रांतीत टिकली. पण त्या रात्री ते वटवाघूळ परतफेडीचा विचार करून रक्त देतं, असं यातून सिद्ध होत नाही.

नेमकं इथेच बहुतेकांचं पाऊल घसरतं. एखादी सवय का टिकली हा एक प्रश्न, आणि ती या क्षणी कशामुळे चालते हा दुसरा. कावळा कोकिळेचं पिल्लू भरवतो तेव्हा जनुकांच्या हिशेबात निव्वळ तोटा असतो. तरी तो भरवतो, कारण त्याच्या मेंदूतला नियम "माझी जनुकं वाढव" असा नसून "घरट्यात चोच वासली की घास घाल" असा आहे. २०१४ मध्ये इनबाल बेन-अमी बार्ताल यांच्या गटानं उंदरांवर याच धर्तीचा प्रयोग केला. जन्मापासून दुसऱ्या वाणाच्या उंदरांत वाढलेले पांढरे उंदीर त्या परक्या वाणाच्या अडकलेल्या उंदराला सोडवत, पण स्वतःच्या वाणाच्या उंदराला सोडवत नसत. उंदीर जनुकं ओळखत नाही, सहवास ओळखतो.

त्याआधी २०११ मध्ये याच गटाचा गाजलेला प्रयोग झाला होता. नळीत कोंडलेल्या सोबत्याचं दार मोकळा उंदीर काही दिवसांत उघडायला शिकतो. शेजारी चॉकलेटचे पाच तुकडे बंद डब्यात ठेवले, तरी तो दोन्ही दारं उघडतो आणि सरासरी दीड तुकडा सोबत्याला उरतो. यावर रास्त आक्षेप आला की उंदराला बहुधा फक्त सोबत हवी असते. सुटलेला उंदीर दुसऱ्याच कप्प्यात जाईल अशी रचना केली तर काय होतं, यावर वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे निष्कर्ष जुळले नाहीत. निकाल लागलेला नाही असं मी सुरुवातीला म्हटलं ते यामुळे.

माणसात हेतू तपासण्याची सोय जास्त आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅटसन यांच्या गटाचा १९८१ चा प्रयोग मला आजही सगळ्यात नेटका वाटतो. ४४ विद्यार्थिनींना, एकेकीला, पडद्यावर एलेन नावाची तरुणी विजेचे झटके सोसताना दिसते (प्रत्यक्षात ती प्रयोगकर्त्यांची साथीदार आणि चित्रण आधीच केलेलं). एकूण फेऱ्या दहा. दोन फेऱ्यांनंतर विचारलं जातं: उरलेले झटके तुम्ही घ्याल का? निम्म्या जणींना आधीच सांगितलेलं असतं की दोन फेऱ्या बघितल्या की तुम्ही मोकळ्या. बाकीच्यांना दहाही बघायच्या असतात. शिवाय निम्म्या जणींना एलेन स्वतःसारखी वाटेल अशी माहिती दिलेली असते, म्हणजे कणव वाढते.

यातली मेख अशी. मदत जर स्वतःची तगमग थांबवण्यासाठी असेल, तर निघून जाणं सोपं असताना लोक निघून जातील. कणव कमी असलेल्या गटात तसंच झालं: बघत बसणं भाग होतं तेव्हा ६४ टक्के जणींनी मदत केली, मोकळीक होती तेव्हा फक्त १८ टक्के. कणव जास्त असलेल्या गटात हे प्रमाण ८२ आणि ९१ टक्के होतं. दार उघडं असूनही त्या गेल्या नाहीत. प्रत्येक गटात अकराच जणी होत्या, म्हणून या एका निकालावर सगळा भार टाकू नये. पण पुढे मदत न केल्याचा अपराधीपणा, लोकांच्या नजरा अशी पर्यायी कारणं एकेक करून तपासली गेली आणि कणवेचा निष्कर्ष बराचसा टिकला. सर्वांत अवघड आक्षेप मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांचा १९९७ चा: कणव वाटते तेव्हा समोरचा आपल्यातलाच वाटू लागतो, मग ती मदत दुसऱ्याला की स्वतःलाच? हा वाद पुरता मिटलेला नाही.

प्रत्येक दान असंच असतं असं मात्र समजू नका. प्रयोगात दिलेल्या पैशांतून अनोळखी माणसाला हवं तेवढं द्या असं सांगितलं, तर अनेक अभ्यासांची सरासरी सुमारे २८ टक्के भरते. अर्थशास्त्रज्ञ जॉन लिस्ट यांनी २००७ मध्ये समोरच्याचे पैसे काढून घेण्याचीही मुभा दिली आणि देणाऱ्यांची संख्या एकदम घसरली. त्या २८ टक्क्यांत बराच भाग चांगलं दिसण्याचा असतो.

"पण देऊन बरं वाटतंच ना, मग तोच स्वार्थ" याला उत्तर इंग्लिश धर्मगुरू आणि तत्त्वज्ञ जोसेफ बटलर यांनी १७२६ मध्येच दिलं होतं. पाणी पिऊन बरं वाटतं कारण आधी तहान होती. दुसऱ्याचं भलं होण्याची मुळात ओढच नसेल, तर ते झाल्यावर समाधान येईल कुठून? समाधान हे ओढ असल्याची खूण आहे.

राहिला मूत्रपिंड देणारा. घेणारा अनोळखी, म्हणजे जवळीक शून्य. परतफेडीची शाश्वती नाही. शस्त्रक्रियेत मृत्यूचा धोका पूर्वी दर १०,००० दात्यांमागे सुमारे ३ होता; अमेरिकेतल्या अलीकडच्या आकड्यांत तो १ च्या आसपास आहे. जनुकांच्या हिशेबात हा कावळ्यासारखाच तोटा आहे. बहुधा पिल्लांच्या संगोपनासाठी घडलेली यंत्रणा इथे परक्यासाठी चालते. मानसशास्त्रज्ञ अबिगेल मार्श यांनी २०१४ मध्ये अशा १९ दात्यांची २० सर्वसाधारण लोकांशी तुलना केली. दात्यांचा उजवा अमिग्डाला (मेंदूतला भीतीसारख्या भावनांशी निगडित भाग) सरासरी मोठा निघाला, आणि भेदरलेला चेहरा दाखवला की तो जास्त जोरात प्रतिसाद देत होता. सायकोपॅथीचे (दुसऱ्याविषयी कणव आणि अपराधीपणा न वाटण्याचे) गुण असलेल्या लोकांत याच्या उलट चित्र दिसतं.