न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा जनरल मॅनेजर पीटर गेल्ब, त्याने ही संस्था चांगली चालवली की वाईट, हे आपण प्रेक्षकांनी कशावरून ठरवायचं?

मी न्यू जर्सीत राहतो, मेटला (म्हणजे या मेट्रोपॉलिटन ऑपेराला) बरीच वर्षं जातोय, बहुतेक वेळा फॅमिली सर्कल म्हणजे अगदी वरचा मजला, तिकीट तिथलंच परवडतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. नवीन काम आणण्यात गेल्ब हुशार आहे, माणसं सांभाळण्यात कमी पडला, आणि माझ्या लेखी दुसऱ्या गोष्टीचं वजन जास्त आहे.

२००६ ला तो आला आणि त्याच डिसेंबरात सिनेमा थिएटरमध्ये लाइव्ह ऑपेरा दाखवायला सुरुवात केली. मुंबईत एनसीपीएला बसून लोक मेटचे प्रयोग बघू शकले ते त्यामुळेच. २००८ मध्ये अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लासचा 'सत्याग्रह' हा ऑपेरा आणला, गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या दिवसांवरचा, शब्द सगळे गीतेतले, संस्कृतात. आई तेव्हा इकडे आली होती, तिला घेऊन गेलो. शेवटी गांधी झालेला गायक एकच चढती सुरावट पुन्हा पुन्हा गातो, आई आधी नुसती ऐकत होती, मग एकदम माझा हात धरून म्हणाली, अरे हे तर संभवामि युगे युगे! हे श्रेय मी गेल्बला मनापासून देतो.

पैशाचं, म्हणजे तिकीटविक्रीचं म्हणाल तर हॉलही बघा. सुमारे ३८०० सीट्स, म्हणजे आपल्या मुंबईच्या षण्मुखानंद हॉलपेक्षाही मोठा, तिथे माइकशिवाय गायचं आणि तो हॉल आठवड्यातून कितीतरी वेळा भरायचा, हे कोणालाही जड जाईल, त्यामुळे नुसत्या रिकाम्या खुर्च्या मोजून निकाल देऊ नका. पण २०१० मध्ये वाग्नरच्या 'रिंग' या चार ऑपेरांच्या मालिकेसाठी सेट म्हणून ४५ टनांचं हलणारं यंत्र स्टेजवर उभं केलं, आणि पहिल्याच रात्री देवांनी इंद्रधनुष्याच्या पुलावरून जायचं त्याच क्षणी ते चाललं नाही. तो निर्णय त्याचाच होता.

मला सगळ्यात जास्त लागलं ते कोविडमधलं. मार्च २०२० मध्ये हॉल बंद झाला, रोज रात्री जुनी रेकॉर्डिंग्ज फुकट दाखवत होते, जगभर लोक बघत होते, मीही बघायचो, आणि त्या रेकॉर्डिंगमध्ये जे वाजवतायत, गातायत त्या ऑर्केस्ट्रा आणि कोरसला एप्रिलपासून जवळजवळ वर्षभर पगार नव्हता. उत्पन्न बंद होतं हे मान्य, पण अमेरिकेतल्या बऱ्याच ऑर्केस्ट्रांनी पगार कमी करून का होईना पण चालू ठेवले होते. असे वादक तयार व्हायला वीस-वीस वर्षं लागतात हो, ते एकदा शहर सोडून गेले की नवा सेट बांधावा तसे परत उभे करता येत नाहीत.

त्यामुळे पुढच्या वेळी गेलात तर पडदा वर जायच्या आधी दहा मिनिटं खाली पिटमध्ये, म्हणजे स्टेजसमोर वादक बसतात त्या खोलगट जागेत, बघत बसा. कोण जुने आहेत, कोण नवीन आलेत, प्रोग्रॅममध्ये वादकांची नावं असतात, दरवर्षी ती ताडून बघा. मी २०२१ पासून ते करतोय.