गाडीतल्या दुसऱ्या बॅटरीवरचा फ्रीज पहाटे बंद का पडतो?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही पर्वरीला राहता, डिझेल एसयूव्ही आहे, बॉनेटखाली 75 अँपिअर-अवरची साधी लेड-ॲसिडची दुसरी बॅटरी बसवून घेतलीय आणि डिकीत 40 लिटरचा कॉम्प्रेसरवाला फ्रीज आहे. गाडी चालू असेपर्यंत फ्रीज झकास चालतो, रात्री गाडी उभी केली की पहाटेपर्यंत कधीतरी बंद पडतो. सकाळी मीटर लावला तर बॅटरी 12.4 व्होल्ट दाखवते. तेव्हा ती काढून 100 अँपिअर-अवरची लिथियम घालावी का?

थांबा, अजून खिशात हात घालू नका. आधी वायर बघा.

हे मी पुस्तकातून नाही, वासावरून शिकलोय. बेतूलला साळ नदी समुद्राला मिळते तिथं रात्री गरी टाकून बसायची माझी जुनी खोड. एका एप्रिलमध्ये भरती चढताना दोन चोणक मासे लागले, त्यातला एक चांगला साडेतीन किलोंचा. तिथंच पोट साफ करून दोन्ही फ्रीजमध्ये टाकले, डिस्प्लेवर 2 अंश बघितले आणि गाडीतच आडवा झालो. सकाळी दिवा बंद. झाकण उघडलं आणि लगेच लावलं. तो मासा बायकोनं अंगणाच्या पुढं येऊ दिला नाही, शेजारच्या मांजरांची मात्र चंगळ झाली.

मीही तुमच्यासारखाच बॅटरीला दोष देत बसलो होतो. बॅटरीवाल्यानं लोड टेस्टर लावला आणि म्हणाला, बॅटरी ठणठणीत आहे. शेवटी फोंड्याच्या एका गाड्यांच्या इलेक्ट्रिशियननं विचारलं, ‘फ्रीजच्या प्लगपाशी किती व्होल्ट येतात ते बघितलंस का? कॉम्प्रेसर चालू असताना?’ नव्हतं बघितलं. बघितलं तर बॅटरीच्या टर्मिनलवर 12.5 आणि प्लगपाशी 11.2. मधल्या वाटेत सव्वा व्होल्टच्या वर गायब!

मग डिकीतला गालिचा उचलला आणि वायरीचा माग काढत पुढं गेलो. बसवणाऱ्यानं (दुकानाचं नाव सांगत नाही, भांडण करून झालंय) बॉनेटपासून डिकीपर्यंत हॉर्नला वापरतात तसली एक स्क्वेअर एमएमची वायर ओढली होती. दाराच्या उंबऱ्याजवळ ती कमी पडली म्हणून दुसरा तुकडा जोडलेला. जोड म्हणजे दोन टोकं पिळून वर काळी टेप. टेप सोडवली तर गोंद चिकट राब झालेला आणि आत तांब्यावर हिरवी पावडर. कॉम्प्रेसर चालू असताना तिथं बोट लावलं तर जोड कोमट लागत होता. जी वीज माशाला थंड करायला हवी होती, ती इथं टेप गरम करत होती.

आता हिशेब बघा. बॉनेटपासून डिकीपर्यंत वायर वळसे घेत साधारण 5 मीटर जाते, वीज जाऊन परत येते म्हणून 10 मीटर धरायची. एक स्क्वेअर एमएमच्या 10 मीटर तांब्याचा रोध 0.175 ओहम. फ्रीज 5 अँपिअर ओढत असेल तर जवळजवळ 0.9 व्होल्ट वायरीतच जातात. उरलेले जोडात आणि सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये. हीच वायर अडीचची असती तर 0.35 व्होल्ट गेले असते, चारची असती तर 0.22, सहाची असती तर 0.15 च्या आसपास. विहिरीवर कितीही मोठा पंप बसवा, पुढं अर्ध्या इंचाचा पाइप असेल तर माडांच्या मुळाशी धार बारीकच पडणार.

यात फ्रीजचा काय दोष? काहीच नाही. तो बॅटरी वाचवायला बघतो, पण त्याला बॅटरी दिसत नाही, फक्त स्वतःच्या प्लगपाशी पोचलेले व्होल्ट दिसतात. सेटिंगमध्ये एच, एम, एल (हाय, मीडियम, लो) असं काहीतरी असेल, ती बॅटरीच्या रक्षणाची पातळी. ‘एच’वर बहुतेक फ्रीज 11 आणि 12 च्या मध्ये कुठंतरी बंद होतात, नेमका आकडा कंपनीगणिक वेगळा, तो पुस्तिकेत बघा. खरी गोम पुढं आहे. एकदा बंद पडल्यावर पुन्हा सुरू व्हायला त्याहून बरेच जास्त व्होल्ट लागतात, काही फ्रीजना 12.4 च्याही वर. तुमच्या बॅटरीवर सकाळी 12.4 दिसतात. साध्या बॅटरीत 12.4 म्हणजे अंदाजे पाऊण भरलेली. म्हणजे फ्रीजनं फार तर 18-20 अँपिअर-अवर घेतले, एका क्षणी प्लगपाशी व्होल्ट कमी पडले, तो रुसला आणि परत उठण्याइतके व्होल्ट त्याला मिळालेच नाहीत. बॅटरीत माल शिल्लक, फ्रीज उपाशी. गाडी सुरू केली की अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारा जनरेटर, 14 च्या आसपास देतो, त्यातले सव्वा गळाले तरी चालतं. म्हणून दिवसा काहीच कळत नाही.

तेव्हा आधी ही तपासणी करा. तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. गाडी बंद करून तासभर जाऊ द्या, फ्रीजचं तापमान खाली ओढा म्हणजे कॉम्प्रेसर घरघर करू लागेल, आणि त्याच वेळी बॅटरीच्या टर्मिनलवर आणि फ्रीजच्या प्लगपाशी आकडा घ्या. कॉम्प्रेसर बंद असताना मोजलंत तर दोन्हीकडे सारखेच येतील आणि तुम्ही मला शिव्या द्याल. वीज वाहतच नसेल तर वाटेत गळणार काय? फरक 0.3 च्या आत असेल तर वायर बरी आहे. अर्ध्याच्या वर गेला तर लिथियमच काय, ट्रकची बॅटरी घातलीत तरी पहाटेचं रडगाणं थोडं उशिरा सुरू होईल इतकंच.

वायर बदलायची तर सहाची घ्या. चारची चालते, पण मजुरी तेवढीच पडते आणि गालिचा पुन्हा उचलायचा कंटाळा येतो. बारीक तारांची मल्टिस्ट्रँड घ्या, घरच्या फिटिंगची जाड एकतारी गाडीच्या धक्क्यांनी कधीतरी तुटते. घेताना टोक सुरीनं खरवडा. आतून पांढरट निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे, दुकानात परत ठेवा. मध्ये जोड नको. आपल्या खाऱ्या हवेत पिळलेला जोड दोन पावसाळे काढत नाही. जोडायचंच असेल तर लग (वायरीच्या टोकाला बसणारी धातूची टोपी) दाबून क्रिंप करा, वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) चढवा. कलई केलेली तांब्याची वायर मिळाली तर सोन्याहून पिवळं, बोटीत तीच वापरतात. परतीची वायरही बॅटरीपासून ओढा, डिकीतल्या गंजलेल्या स्क्रूवर अर्थिंग सोडू नका.

फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतराच्या आत बसवा. फ्यूज फ्रीजसाठी नसतो, वायरीसाठी असतो. तो डिकीकडच्या टोकाला असला आणि वायर मध्येच पत्र्याला घासून सोलली, तर बॅटरी ते फ्यूज हा सगळा तुकडा पेटायला मोकळा. एकट्या फ्रीजला 15 अँपिअरचा फ्यूज पुरे. सिगारेट लायटरचं सॉकेट काढून टाका, चोर्ला घाटातल्या दोन वळणांत ते सैल होतं. त्याऐवजी अँडरसन कनेक्टर लावा, करड्या रंगाचा चपटा प्लग असतो तो. कचकन बसतो आणि हलत नाही.

आता बॅटरी किती हवी ते. 40 लिटरचा फ्रीज कॉम्प्रेसर चालू असताना 45-60 वॉट, म्हणजे 4 ते 5 अँपिअर घेतो. पण तो सतत चालत नाही. मे महिन्यात गोव्याची रात्रही 27-28 अंशांची असते, त्यात अर्धा वेळ चालेल असं धरा. दहा तासांच्या रात्रीला 20 ते 25 अँपिअर-अवर. साध्या बॅटरीतून निम्म्याच्या वर काढू नये, नाहीतर ती लवकर बसते. 75 मधले 37 तुमच्या हातात आहेत. म्हणजे एका रात्रीला आहे तीच बॅटरी पुरते! दोन रात्री गाडी न हलवता राहायचं असेल तरच लिथियमचा विचार करा, तिच्यातून 80-90 टक्के निर्धास्त काढता येतात.

पण लिथियम घेतलीत तर ती बॉनेटखाली नको, तिथली उष्णता तिला मानवत नाही. डिकीत फ्रीजशेजारी ठेवा, फ्रीजची वायर हातभर होते आणि वरचं सगळं पुराण संपतं. मग चार्जिंगला पुढून जाड वायर लागेल, 20 अँपिअरच्या चार्जरला 16 स्क्वेअर एमएमची, आणि मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर (अल्टरनेटरची वीज बॅटरीला हव्या त्या व्होल्टवर मोजून देणारा) हवाच. नुसता रिले (इंजिन सुरू झालं की दोन्ही बॅटऱ्या जोडणारा आपोआप स्विच) लावून लिथियम अल्टरनेटरला जोडू नका. ती भसाभसा करंट ओढते, म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी इंजिन सुरू ठेवून अडकलात तर अल्टरनेटर भाजून निघेल. शिवाय बऱ्याच बीएस-6 गाड्यांमध्ये अल्टरनेटर ‘स्मार्ट’ असतो, मुख्य बॅटरी भरली की व्होल्टेज खाली आणतो. चालत्या गाडीत आकडा मध्येच 12.5 वर आणि ब्रेक मारताना 14.8 वर जात असेल तर तुमचा तसलाच. अशा गाडीत रिलेवरची दुसरी बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. तुमचे सकाळचे 12.4 त्यामुळेही असू शकतात, तेव्हा संध्याकाळी गाडी बंद केल्यावर तासाभरानं, फ्रीजचा प्लग काढून, बॅटरी मोजा. 12.6-12.7 नसेल तर ती रात्र अर्धपोटीच सुरू करतेय.

आणखी एक, कारण हे कुणीतरी सुचवेलच: घरच्या इन्व्हर्टरची 150 ची ट्यूब्युलर बॅटरी उचलून गाडीत टाकू नका. पन्नास किलोंच्या वरचं धूड, आत ॲसिड सांडतं, आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडते. बंद गाडीत झोपणाऱ्यानं तरी हा प्रयोग करू नये.

फ्रीज निघायच्या आदल्या रात्री घरच्या विजेवर थंड करून ठेवा, दोन-तीन बाटल्या पाणी गोठवून आत टाका. निम्मी लढाई तिथंच जिंकता. त्याच्या जाळ्यांपुढं बॅगा रचू नका, गरम हवा बाहेर पडली नाही की कॉम्प्रेसर थांबतच नाही. गाडी सावलीत लावा, पण माडाखाली नको. माझ्या बॉनेटवरचा खड्डा अजून तसाच आहे.

वायर बदलल्यावर साध्या बॅटरीला सेटिंग ‘एम’वर ठेवा. लिथियमला ‘एल’ चालेल, तिच्यातला बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, तिला सांभाळतो. ‘एल’ केल्यावर जुन्या वायरीवरही फ्रीज चालू राहील, हे खरं. पण मग जास्त वेळ उभं राहिलात तर साधी बॅटरी तळापर्यंत उपसली जाईल आणि लवकरच भंगारात जाईल.

कॉम्प्रेसर चालू असतानाचे दोन आकडे इथं टाका, बॅटरीवरचा आणि प्लगवरचा. जोडाचा फोटो टाकणार असाल तर टेप सोडवून टाका.