तुरुंगात कैदी कट्टरपंथी होऊ नयेत म्हणून काय करता येईल? कट्टर लोकांना वेगळं ठेवलं की झालं ना?

वेगळं ठेवून भागत असतं तर फ्रान्सचं कधीच भागलं असतं. पॅरिसजवळच्या फ्लरी-मेरोजी जेलमध्ये 2005 च्या सुमारास जमाल बेगालला एकांतात ठेवलेलं, अमेरिकन दूतावास उडवायच्या कटातला माणूस. पण खालच्या मजल्यावर दरोड्याच्या केसमधला अमेदी कुलिबाली होता आणि दोघं खिडकीतून बोलायचे! शेरीफ क्वाशी पण तिथंच, तो तर तेव्हा कच्चा कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेला. जानेवारी 2015 मध्ये शार्ली एब्दो या व्यंगचित्र साप्ताहिकाचं ऑफिस आणि ज्यू सुपरमार्केट, 3 दिवसांत 17 माणसं मारली ती कुलिबाली, क्वाशी आणि क्वाशीच्या भावाने. मग सरकारने उलटं केलं, कट्टर कैदी एकत्र करून खास युनिट काढली, तर सप्टेंबर 2016 ला ओनी जेलच्या युनिटमध्ये एकाने गार्डवरच हल्ला केला आणि ऑक्टोबरमध्येच तो प्रयोग गुंडाळायचं ठरलं.

मी विधी सेवाच्या, म्हणजे गरिबांना मोफत वकील देणाऱ्या पॅनेलवर वकील आहे, जेलमध्ये जाणं असतं. आपल्याकडे 2022 च्या आकड्यांप्रमाणे 100 कैद्यांत जवळपास 76 कच्चे, आणि 100 च्या जागेत 131 कोंबलेले. एक 19 वर्षांचा पोरगा, मोबाईल चोरीची केस, जामीन मंजूर होऊन दीड महिना झाला तरी आतच कारण जामीनदार कुठून आणणार. मनीऑर्डर नाही, मुलाखतीला म्हणजे भेटायला कोणी नाही. केस नंबर विचारला तर तळहात पुढे केला, पेनाने लिहिलेला. म्हणाला, "बरॅकमधल्या भाऊंनी लिहून दिला मॅडम, साबण पण तेच देतात."

हे भाऊ साधे गँगवाले असतील नाहीतर नुसते भले असतील, पण उद्या त्या जागी बेगाल असला तरी पोरगा त्याचाच होणार ना. म्हणून माझ्या मते प्रवचनं नंतर, आधी पहिल्या आठवड्यात वकील, घरी फोन, आणि गरिबाला पीआर बाँडवर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर सोडा.

शिपायांनाही नीट शिकवायला हवं. दाढी वाढवली, नमाज किंवा पूजा सुरू केली यात काही नाही, आत गेल्यावर निम्मी जनता देवाला लागते. घरच्यांची मुलाखत नाकारायला लागला, एकाच माणसाच्या मागेमागे फिरायला लागला, तर मात्र बघा. आणि कट्टरपणा सोडवायच्या कोर्सच्या सर्टिफिकेटवर माझा फार भरवसा नाही. ब्रिटनमध्ये दहशतवादी कटात शिक्षा झालेल्या उस्मान खानने असे कोर्स केलेले, बाहेर आल्यावर 2019 मध्ये लंडनला कैद्यांच्या शिक्षणाच्याच एका कार्यक्रमात दोघांना भोसकून मारलं.